नव्याण्णवनंतर एकशे अकरा

बाईंविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. सव्वीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. त्यांच्या टेबलापासून माझं टेबल अकरा पावलांवर होतं. पण त्यांचा वाढदिवस कधी असतो हे मला ठाऊक नाही. त्यांचं लग्न झालं होतं, मोडलं होतं की ठरलंच नव्हतं, याबद्दल लॉन्ड्रीत तीन कथा होत्या. मी तिन्ही ऐकल्या, पण त्यांना कधी विचारलं नाही. त्या आजारी पडल्या तर घरी कोण बघायचं, रिकाम्या वेळी त्या काय करायच्या, गुणगुणायच्या का, काही काही माहीत नाही. त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत मी एकदाच गेलो, तेही शेवटच्या दिवशी.

बाई जाऊन या महिन्यात वर्ष होईल. त्यांची भाची त्यांची कोड्यांची वही छापून घेते आहे, घरच्यांत आणि ओळखीच्यांत वाटायला, पन्नास प्रती. तिने मला पत्र पाठवलं, "काका, मावशीबद्दल दोन पानं तुम्हीच लिहा. तिच्या तोंडी सतत 'आमचे इस्त्रीवाले' असायचं." हे वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. उत्तर द्यायला दोन महिने लावले. लिहायचा मला सराव नाही. नातेवाइकांना खुशालीची पत्रं सोडली तर मी काही लिहिलेलं नाही. तरी भाचीला हो म्हटलं, कारण एक गोष्ट मलाच ठाऊक आहे आणि ती माझ्याबरोबर संपू नये असं वाटतं.

आमची लॉन्ड्री म्हणजे एक लांबलचक खोली. पुढे काउंटर, मागे धुण्याची यंत्रं, मधे आम्ही. बाईंचं काम नंबर टाकण्याचं. गिऱ्हाइकाचं गाठोडं आलं की प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला कापडाची बोटभर पट्टी टाचायची आणि त्या पट्टीवर पक्क्या शाईने त्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहायचा. दिवसाला तीन-चारशे पट्ट्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरची शाई सुट्टीच्या दिवशीही जात नसे. मी इस्त्री करायचो. माझ्याकडे कपडा यायचा तेव्हा आधी नंबर दिसायचा, म्हणजे बाईंचं अक्षर दिसायचं. पुढे पुढे मला गिऱ्हाइकांची तोंडं आठवेनात, पण त्यांचे आकडे बाईंनी कसे वळवलेत ते आठवायचं.

या नंबरांची एक गंमत होती. त्यांत शून्य नसायचं. मी येण्याच्या आदल्या वर्षी ऐंशी नंबरच्या कपड्यांवरचं शून्य धुण्यात पसरलं, आतून भरलं आणि शाईच्या डागासारखं दिसू लागलं. त्यामुळे ऐंशी नंबरच्या बँडवाल्याचा सोनेरी झालरीचा कोट आठ नंबरच्या हेडमास्तरांकडे गेला आणि हेडमास्तरांचा काळा कोट बँडवाल्याकडे. हेडमास्तरांनी घाईत तो कोट घातला आणि ते शाळेच्या फाटकापर्यंत पोचले, असं सांगतात. मालकांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, "आजपासून या दुकानात शून्य बंद!" ज्यांच्या नंबरात शून्य होतं त्यांना नवे नंबर मिळाले. नऊनंतर अकरा. एकोणीसनंतर एकवीस. नव्याण्णवनंतर एकशे अकरा.

मी कामाला लागलो त्याच आठवड्यात नव्याण्णव नंबरचं गिऱ्हाईक आलं. बाई टेबलावरून मला म्हणाल्या, "काय हो इस्त्रीवाले, आपल्याकडे गिऱ्हाइकं एकूण किती झाली?"

त्या आपणहून बोलल्या याचंच मला इतकं काही झालं की मी विचार न करता म्हणालो, "नव्याण्णव."

सगळी लॉन्ड्री हसली. घड्या घालणाऱ्या मावशी तर पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "सकाळपासून बाईंनी प्रत्येकाला हेच विचारलंय," त्या म्हणाल्या. "मी तर शंभर म्हणाले होते, वरचा एक मालकांचा धरून!"

मी दिवसभर इस्त्री फिरवत हिशेब केला. एक आकडी नऊ. दोन आकडींत दहाच्या घरात नऊ, विसाच्या घरात नऊ, असे नऊ नवे एक्याऐंशी. संध्याकाळी जाताना बाईंच्या टेबलापाशी थांबलो आणि खाली बघत म्हणालो, "नव्वद."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि मजा बघा, उत्तर म्हणून जो आकडा आला, तोच आपल्या दुकानात नाही."

त्या हसल्या. मी पायऱ्या उतरलो आणि घराच्या उलट दिशेने बराच चालत गेलो, मग लक्षात आलं.

तेव्हापासून सुरू झालं. सकाळी आलो की माझ्या टेबलाच्या गादीला एक पट्टी टाचलेली असायची. तिच्यावर तीन अंक. त्या तीन अंकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करून, कोणताही अंक आधी घेऊन, प्रत्येक अंक एकदाच वापरून, त्या दिवसाची तारीख आणायची.

"पाच, तीन, आठ. आज एकोणीस तारीख," त्या गाठोडं घेऊन जाता जाता म्हणायच्या. "सुटलं?"

"नाही अजून."

तीन आठे चोवीस, उणे पाच, एकोणीस. दुसऱ्या शर्टालाच सुटलं होतं. पण सांगून टाकलं की संपलं. मग त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या टेबलापाशी कशाला थांबतील? म्हणून मी धरून ठेवायचो. अकरा वाजता "नाही अजून", जेवणाच्या सुट्टीत "जवळ आलोय", आणि तीनच्या सुमाराला उत्तर. मी उशीर करायचो तेवढ्या वेळा त्या यायच्या. मावशींना हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. "बाई, त्यांना कधीचं सुटलंय," त्या घडी मोडत म्हणायच्या. "कान बघा कसे लाल झालेत."

"इस्त्रीच्या वाफेने होतात हो," मी म्हणायचो.

"वाफ आम्हालाही लागते. आमचे नाही होत."

बाई गाठोडं घेऊन पुढे निघून जायच्या. त्यांना कळलं होतं की नाही, हेही त्या न कळलेल्या गोष्टींत धरा.

काही दिवशी तारीख येतच नसे. अंकच तसे असायचे. मी सुरुवातीला सरळ "नाही येत" म्हणायचो, तर त्या पेन शाईच्या बाटलीत ठेवून पुरतं वळून बघायच्या. "नाही येत म्हणायचं असेल, तर सगळ्या वाटा चालून आलात का? एकही वाट राहिली असेल तर 'नाही' म्हणायचा हक्क नाही." शाळेत त्या सातवीपर्यंतच गेल्या होत्या, एवढं एकदा त्यांनीच सांगितलं. गणिताच्या तासाला बाक सोडून उभ्या राहायच्या म्हणे, बसून डोकं चालत नाही म्हणून. पुढे शाळा का सुटली ते सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "हो का."

अशी अठरा-एकोणीस वर्षं गेली असतील. मालकांकडे एक साप्ताहिक यायचं. त्याच्या शेवटच्या पानावर 'डोक्याला चालना' नावाचं सदर असे, वाचकांनी पाठवलेलं एक कोडं दर आठवड्याला. बाई ते आधी सोडवायच्या आणि मग नाक मुरडायच्या. "हे काय कोडं आहे? हा तर नुसता हिशेब. कोडं म्हणजे ज्याला धरायला जागाच सापडत नाही, आणि सापडली की आपणच हसतो, असं पाहिजे."

"मग तुम्हीच पाठवा की," मालक काउंटरवरून म्हणाले. "माझ्या लॉन्ड्रीचंही नाव होईल."

त्यांनी थट्टेत म्हटलं. पण बाईंनी ते मनावर घेतलं. पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात वही होती. नवी, रेघांची, वर कव्हर घातलेली. त्यात तेरा कोडी स्वच्छ अक्षरात उतरवली होती.

"तेरा आठवडे पुरतील," त्या हळू म्हणाल्या. "पहिलं आवडलं तर ते पुढची मागवतील. तसं सदरात लिहिलेलंच असतं. इस्त्रीवाले, माझं अजूनपर्यंत कुठे काही झालं नाही. हे व्हावंसं वाटतं. पहिलं तेवढं तपासून द्या. उत्तर एकच येतंय ना, बघा. दोन उत्तरं आली तर ते कोडं नाही, ती फजिती."

त्यांनी असं काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पहिलं कोडं असं होतं: एका गाठोड्यावर तीन आकडी नंबर आहे. तिन्ही अंक सम आहेत. त्यांची बेरीज बारा. नंबर शेवटाकडून उलटा वाचला तर तीनशे शहाण्णवने मोठा होतो. तर नंबर कोणता?

मी ते सुट्टी संपायच्या आत सोडवलं. तीनशे शहाण्णवचा फरक म्हणजे शेवटचा अंक पहिल्यापेक्षा चारने मोठा. एवढं मला बाईंनीच कधीतरी शिकवलेलं होतं. पहिला दोन, तर शेवटचा सहा, बारा व्हायला मधे चार. दोनशे शेहेचाळीस. पहिला चार, तर शेवटचा आठ. चार आणि आठ बारा झालेच, मधे घालायला काही उरत नाही. ते खोडलं. पहिला सहा घेतला तर शेवटचा दहा, तो अंकच नव्हे. झालं.

"एकच," मी म्हणालो. "दोनशे शेहेचाळीस. दुसरं असणं शक्य नाही."

"सगळ्या वाटा चाललात?"

"सगळ्या. छातीठोकपणे सांगतो, पाठवा."

मी आयुष्यात छातीठोकपणे फारसं काही बोललेलो नाही. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते बघून मला वाटलं, हे आधीच करायला शिकायला हवं होतं. त्यांनी त्याच दुपारी पाकीट टाकलं.

पुढच्या रविवारी मी घरी होतो. जेवण झालेलं, खिडकीत ऊन. सहज वाटलं, हे कोडं पायऱ्या पायऱ्यांनी नीट लिहून काढू आणि सोमवारी बाईंना देऊ. छापून आल्यावर कुणी विचारलं तर हाताशी असेल. खरं म्हणजे त्यांचं कोडं माझ्या अक्षरात बघायचं होतं. लिहीत गेलो. पहिला दोन, शेवटचा सहा, मधे चार. पहिला चार, शेवटचा आठ, मधे... 'काही उरत नाही' असं लिहिलं आणि हात थांबला.

काही उरत नाही म्हणजेच शून्य.

चारशे आठ. बेरीज बारा. उलटा आठशे चार. वजा केलं, तीनशे शहाण्णव. शून्य समच असतं. दुसरं उत्तर तिथेच बसलं होतं, दोघांच्या डोळ्यांसमोर. पण एकोणीस वर्षांत आम्ही एकही असा नंबर पाहिला नव्हता. त्यांनी लिहिला नव्हता, मी वाचला नव्हता. जगात कुणालाही ते दिसलं असतं. आम्हा दोघांनाच दिसलं नाही.

अजून वेळ होता. कोडं छापून यायला तीन आठवडे लागत. 'नंबरात शून्य नाही' एवढे तीन शब्द वाढवून एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर संपलं होतं. मी कार्ड लिहूनही ठेवलं, बाईंनी फक्त खाली सही करायची. सोमवारी ते खिशात घालून गेलो.

आत शिरलो तर बाई हसत होत्या. मालकांनी काउंटरवर खिळा ठोकला होता, कोडं आलं की तिथे अडकवायला. मावशी विचारत होत्या, "नाव येणार ना बाई? पूर्ण नाव? आडनावासकट?" बाईंनी बहिणीला पत्रानं कळवून टाकलं होतं. मला बघून म्हणाल्या, "हे काय, आमचे तपासनीस आले."

कार्ड मी खिशात आत सरकवलं. म्हटलं दुपारी, एकटं गाठून सांगू. दुपारी म्हटलं उद्या. उद्या त्यांना ताप होता, त्या आल्या नाहीत. परवा म्हटलं, आजाऱ्याला काय सांगायचं. मग आठवडा झाला, आणि मग प्रश्न असा आला की आठवडाभर का सांगितलं नाही याला काय उत्तर द्यायचं. एकदा घरी म्हणून पाहिलं, आरशासमोर: "बाई, माझी चूक झाली." आरशात नीट जमलं. कार्ड मीच परस्पर पाठवावं असंही मनात आलं, पण सही कुणाची करायची? तिसऱ्या आठवड्यात त्याच्या कडा खिशात मऊ झाल्या.

कोडं छापून आलं. बाईंचं पूर्ण नाव, आडनावासकट. मालकांनी पान खिळ्याला अडकवलं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलं. पंधरा दिवस बाई वेगळ्याच चालायच्या. त्या पंधरा दिवसांत मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं नाही, म्हणजे एरवीपेक्षाही कमी.

मग साप्ताहिकाचा तो अंक आला. शेवटच्या पानावर चौकट होती. बावीस वाचकांनी चारशे आठ हे दुसरं उत्तर कळवलं होतं. खाली सदर चालवणाऱ्याने लिहिलं होतं: कोडी रचणाऱ्या भगिनींनी आधी शून्याची ओळख करून घ्यावी.

मालकांनी खिळ्यावरचं पान काढलं. बाई नंबर टाकत राहिल्या. एकही पट्टी चुकली नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. मी ठरवलं, आता. आता सांगायचंच.

"बाई," मी म्हणालो.

"काही बोलू नका. मला माहीत आहे तुम्हाला काय वाटतंय ते." त्या माझ्या टेबलाला टेकल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "मी सकाळपासून एकच विचार करतेय. बावीस जणांना दिसलं, आपल्याला दिसलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्हाला दिसलं असतं ना, तर मी स्वतःला मठ्ठ म्हटलं असतं. पण तुम्हालाही नाही दिसलं, म्हणजे ते या जागेचं आहे. आपलं दोघांचं आहे." मग हसल्या. "मालकांनी शून्याला हाकललं, आणि त्याने सूड घेतला आपल्यावर."

"हो," मी म्हणालो.

आता कसं सांगणार होतो? तेवढी एक गोष्ट त्यांनी स्वतःपुरती सावरून घेतली होती, आणि तीही माझ्यासकट. 'आपलं दोघांचं' हे शब्द त्यांनी पुन्हा कधी वापरले नाहीत. खरं सांगितलं असतं तर ते तरी राहिले असते का? आणि ते मला हवे होते, हेही खोटं नाही.

उरलेली बारा कोडी त्यांनी पाठवली नाहीत. मालक म्हणाले, मीही एकदा भीत भीत म्हणालो. "नको," त्या म्हणाल्या, "एकदा नाव आलं, पुरे." पट्ट्या मात्र येत राहिल्या, सकाळी गादीला टाचलेल्या. मी तीन वाजेपर्यंत उत्तर धरून ठेवणं सोडून दिलं. सुटलं की लगेच सांगायचो. का ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्या टेबलापाशी येणं आपोआप कमी झालं.

सात वर्षांनी त्यांचे डोळे अधू झाले. पट्टीवरचा सहा आणि नऊ एकसारखे दिसू लागल्यावर त्यांनी आपणहून काम सोडलं. बहिणीच्या गावी जायचं ठरलं. त्या निघायच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आता सांगायचं, असं ठरवूनच गेलो. त्या निघूनच चालल्या होत्या. रागावल्या असत्या तरी अकरा पावलांवर बसून रागावल्या नसत्या.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दार उघडं. भाची आत दोऱ्या बांधत होती. मी उंबऱ्यापाशी थांबलो.

"या की आत," बाई म्हणाल्या. "बसायला काही ठेवलेलं नाही, पण या."

"नको, इथेच बरा आहे. एक सांगायचं होतं."

"बोला ना." आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत त्यांना काहीतरी आठवलं. ट्रंकेतून ती वही काढून त्यांनी भाचीपुढे धरली. पहिल्या पानावर दोन्ही कात्रणं चिकटवली होती, कोडं आणि त्याखाली ती चौकट. "हे बघ. हे ते इस्त्रीवाले. हा आमच्या दोघांचा पराक्रम. बावीस जण एकीकडे आणि आम्ही दोघं एकीकडे!"

भाची हसली. बाई तर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते डोळे आधीच दुखरे होते, त्यामुळे किती हसण्याचं पाणी आणि किती दुसरं, मला सांगता येणार नाही. मी बघत राहिलो. पोरी, हे तू वाचशील तेव्हा माझ्याबद्दल तुला काय वाटायचं ते वाटू दे. सात वर्षांत मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

"काय सांगत होतात?" त्यांनी विचारलं.

"टेम्पो किती वाजता येणार आहे?"

"साडेतीन म्हणालाय. म्हणजे चार धरा."

"मग थांबू का मी? ट्रंक जड आहे."

"नको हो. तो माणूस आणतोय बरोबर. तुम्ही निघा, तुमची कामाची वेळ चुकेल."

"बरं," मी म्हणालो. "येतो."

"या," बाई म्हणाल्या.